आरोग्याचा व्हिडिओ गावात पोचला, आता लोकांचं म्हणणं कसं मिळवायचं? कोकणात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

लेप्टो (पावसाळ्यात चिखल-पाण्यातून होणारा ताप), सर्पदंश, रक्तदाब, गरोदरपण, तंबाखू अशा विषयांवर मोबाइलवरून माहिती देणारे आता कोकणात बरेच आहेत. कुणी प्राथमिक आरोग्य केंद्रातले तरुण डॉक्टर, कुणी शिक्षक, कुणी गावातलं मंडळ. व्हिडिओ कसा काढायचा, आवाज कसा स्वच्छ घ्यायचा हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. तो पाहून माणसाला नेमकं काय कळलं, हे कसं शोधायचं ते मात्र कुणी सांगत नाही. राजापूर-देवगड पट्ट्यातल्या वाड्यांसाठी हे काम करताना जी पद्धत बसत गेली, ती इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. अंगठा, हात जोडलेलं चित्र, ‘छान माहिती’ हा अभिप्राय नव्हे. गावच्या ग्रुपवर अंगठा येतो तो तुम्ही ओळखीचे म्हणून, किंवा तुमच्या घरच्यांचा मान राखायला. तो आनंदाने स्वीकारा, पण त्यावरून व्हिडिओ चांगला झाला असं ठरवू नका.

१. सुरू करण्याआधी एवढं जमवा

- कामासाठी वेगळं सिमकार्ड. घरचा नंबर दिलात तर रात्री-अपरात्री रिपोर्टचे फोटो येत राहतील आणि घरातलं कुणीही ते उघडून पाहील.
- मजकूर तपासून देणारे एक डॉक्टर. नुसतं नाव लावायला नकोत. लोकांकडून आलेले प्रश्न दर आठवड्याला वाचायला तयार असलेले हवेत.
- गूगल शीट, किंवा ते जमत नसेल तर आखलेली वही.
- संमतीचा चार ओळींचा मजकूर. तो कसा लिहायचा ते पाचव्या पायरीत आहे.
- जवळचं उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय यांचे फोन नंबर, स्वतः फोन लावून खात्री केलेले.
- आरोग्य खात्याच्या केंद्राबरोबर काम करणार असाल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी पत्र आणि त्याची पोच. शाळेतल्या मुलांकडून काही विचारणार असाल तर मुख्याध्यापकांचं आणि पालकांचंही लेखी.

आणखी एक. गोळा केलेल्या अभिप्रायावर पुढे शोधनिबंध लिहायचा विचार मनात असेल, तर नीतिशास्त्र समितीची मान्यता आधीच घ्यावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना त्यासाठी वाचा. सगळं झाल्यावर मान्यता मागायला जाऊ नका.

२. तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे ते एका वाक्यात लिहा

‘लोकांची मतं हवीत’ एवढ्यावर काही हाती लागत नाही. ‘लावणीला जाणारी बाई पायाला जखम असेल तर काय करते, आणि व्हिडिओ पाहून त्यात काही बदललं का’ हे वाक्य चालेल. एका व्हिडिओला असं एकच वाक्य. ते कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण पुढे शंभर गोष्टी कानावर येतील आणि सगळ्यांच्या मागे धावावंसं वाटेल.

३. कुठे विचारायचं

कोकणात व्हॉट्सॲपशिवाय पर्याय नाही. वाडीचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, बचत गटाचा, मच्छीमार सोसायटीचा, मुंबई मंडळाचा. माणूस कुठल्या ना कुठल्या ग्रुपात असतोच. पण त्यातल्या त्यात काय वापरायचं हे विषयावर ठरतं.

ग्रुपवरचा पोल झटपट होतो आणि त्यात १२ पर्यंत पर्याय देता येतात. मात्र साध्या पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं हे ग्रुपातल्या सगळ्यांना दिसतं. ‘गमबूट आहेत का’ असं विचारायला हरकत नाही. पाळी, क्षयरोग, दारू, मनाचे आजार, गर्भनिरोधन यांतलं काहीही पोलवर विचारू नका. सासरे, दीर आणि सरपंच एकाच ग्रुपात असताना कोण खरं सांगेल?

ब्रॉडकास्ट यादीचा एक सापळा आहे. ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला नाही, त्यांना तुमचा संदेश पोचतच नाही, आणि उत्तरं का येत नाहीत हे तुम्हाला कळत नाही. म्हणून आशाताई किंवा बचत गटाच्या बैठकीत समोरासमोर नंबर सेव्ह करून घ्या. एका यादीत २५६ जण मावतात. एका गावाला ते पुरतं.

व्हॉट्सॲप चॅनेलवर पाहणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे नाजूक विषयाची माहिती द्यायला ते बरं. पण तिथे माणूस तुमच्याशी बोलू शकत नाही. चॅनेलवर माहिती आणि खाली ‘खासगीत बोलायचं असेल तर या नंबरवर’ अशी जोडी लावली की काम भागतं.

गूगल फॉर्म शहरातल्या आणि कॉलेजच्या मंडळींसाठी ठीक. ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवा, म्हणजे निनावी उत्तर देता येईल. गावात मात्र अनोळखी लिंक म्हटली की पैसे जातील ही भीती आहे आणि ती रास्त आहे. फसवणूक झालेली घरं प्रत्येक गावात आहेत. लिंक पाठवायचीच असेल तर आधी ओळखीच्या माणसाकडून आवाजात सांगून घ्या, आणि ‘आम्ही ओटीपी, आधार किंवा बँकेचं काही विचारत नाही’ हे पहिल्या ओळीत लिहा.

यूट्यूबवर व्हिडिओ असेल तर यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रेक्षक कुठे सोडून जातात तो आलेख दिसतो. फार थोड्या लोकांनी पाहिला असेल तर दिसत नाही. स्वागत, पाहुण्यांची ओळख आणि सत्कार यांत पहिलं मिनिट गेलं की रेषा तिथेच खाली येते. माणूस काही न बोलता सांगून जातो, ते असं. इंस्टाग्रामच्या स्टोरीतले प्रश्न तरुणांकडून चांगली उत्तरं आणतात, पण स्टोरी २४ तासांत जाते, तेव्हा उत्तरं त्याच दिवशी उतरवून घ्या.

४. प्रश्न कसा विचारायचा

‘समजलं का?’ हा प्रश्न विचारूच नका. आपल्याकडे त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं, कारण ‘नाही’ म्हणणं म्हणजे सांगणाऱ्याचा अपमान असं वाटतं. त्याऐवजी प्रसंग द्या:

‘शेजारच्या काकांच्या टाचेला भेग पडून रक्त येतंय आणि उद्या त्यांची लावणी आहे. तुम्ही त्यांना काय सांगाल?’

‘रात्री पडवीत कुणाला तरी काहीतरी चावलं. खूण नीट दिसत नाही. पहिल्या दहा मिनिटांत घरातल्यांनी काय करायचं?’

उत्तर आवाजात मागा. टायपिंग करायला सांगितलंत तर दोन शब्द येतात. व्हॉइस नोटमध्ये माणूस दोन मिनिटं बोलतो आणि बोलता बोलता खरं काय करतो तेही सांगून टाकतो. मालवणीत, संगमेश्वरीत, कोळी बोलीत, जसं बोलतात तसंच बोला असं स्वतः एक नमुना पाठवून सांगा. नमुना पुस्तकी भाषेत असेल तर उत्तरंही पुस्तकी येतात. पोलचे पर्याय लिहितानाही घरात वापरतात तेच शब्द घ्या. साप चावला असं म्हणणं अशुभ मानणाऱ्या घरात ‘जनावर लागलं’ असं म्हणतात. तोच शब्द पर्यायात लिहा.

एका वेळी एक प्रश्न, फार तर दोन. दहा प्रश्नांची यादी पाठवलीत तर पहिल्या दोनांची उत्तरं येतील, तीही फक्त शिक्षकांकडून.

प्रत्येक उत्तराबरोबर एक गोष्ट मात्र नक्की विचारा: सध्या राहता कुठे? आमच्याकडे हा प्रश्न नसता तर सगळंच चुकलं असतं, कारण ग्रुपवर सर्वांत उत्साहाने बोलतात ते चाकरमानी. त्यांना गावाची काळजी असते, हातात इंटरनेट असतं, संध्याकाळी लोकलमध्ये वेळ असतो. पण चिखलात उतरणारे ते नसतात. नालासोपाऱ्याहून आलेलं उत्तर आणि वाडीतून आलेलं उत्तर वेगळ्या रकान्यात ठेवा. चाकरमान्यांचा उपयोग वेगळा आहे: आईवडिलांना फोन करून विचारायला त्यांना सांगा. मुलाने फोनवर विचारलं की म्हातारी माणसं मोकळेपणाने सांगतात.

५. संमती आणि गुप्तता

आजाराबद्दलचं बोलणं ही माणसाची खासगी गोष्ट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचं सार सोपं आहे: कशासाठी घेता ते स्पष्ट सांगा, तेवढ्यासाठीच वापरा, आणि माणसाने संमती मागे घेतली तर ते देण्याइतकंच सोपं असू द्या. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते.

मजकूर असा चालेल: ‘तुमचं बोलणं आम्ही व्हिडिओ सुधारण्यासाठी ऐकणार आहोत. तुमचं नाव, नंबर, आवाज कुणालाही देणार नाही. नको वाटलं तर “काढा” असं कळवा, आम्ही पुसून टाकू. चालेल तर “हो” म्हणा.’ हेच आवाजातही पाठवा.

इथला सगळ्यांत मोठा धोका ग्रुपवर दुसऱ्याचा आवाज पुढे ढकलण्याचा आहे. ‘बघा, या मावशींनी किती छान सांगितलं’ म्हणून व्हॉइस नोट दुसऱ्या गावच्या ग्रुपवर टाकली, की आवाजावरून ओळखायला कुणाला वेळ लागत नाही. आपल्या गावांत आवाज म्हणजे नावच. पुढे सांगायचं असेल तर शब्द लिहून घ्या, वाडीचं नाव काढा आणि मग सांगा. दुसरी अडचण सामायिक फोनची. बऱ्याच घरांत बाईचं व्हॉट्सॲप नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर असतं. गर्भनिरोधनाबद्दलचा प्रश्न तिच्या नंबरवर पाठवण्याआधी, फोन कुणाकडे असतो हे आशाताईंकडून समजून घ्या.

६. कधी विचारायचं

कोकणाचं वर्ष कामावर चालतं, त्याच्याशी जुळवून घ्या. लेप्टोचा व्हिडिओ मे संपता संपता टाका आणि पहिल्याच आठवड्यात अभिप्राय घ्या, म्हणजे लावणीआधी दुरुस्त करता येतो. जुलैत विचारून काय उपयोग, तेव्हा माणसं दिवसभर शेतात वाकलेली असतात. मच्छीमारांना १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत गाठा; होड्या किनाऱ्यावर असतात, जाळी शिवताना फोन कानाला असतो. माकडतापाबद्दल (जंगलातल्या गोचिडांमुळे होणारा ताप) दोडामार्ग-बांदा भागात विचारायचं तर काजू गोळा करायला बागेत जाण्याआधी, म्हणजे जानेवारीच्या आसपास. गणपतीत कुणी उत्तर देईल अशी अपेक्षा धरू नका, पण त्या दिवसांत सगळं घर एकत्र असतं, समोर बसून बोलायला त्याहून चांगली वेळ नाही.

रेंजचाही विचार करा. खालच्या वाडीत फोन लागत नाही, माणसं सड्यावर (वरच्या कातळमाळावर) गेल्यावर सगळे संदेश एकदम येतात. दोन दिवस उत्तर आलं नाही म्हणून लगेच आठवण पाठवू नका.

७. आलेलं कसं वाचायचं

हा भाग या कामाचा जीव आहे, त्यामुळे इथे वेळ द्या.

शीटमध्ये रकाने करा: तारीख, कुठून आलं, राहतात कुठे, त्यांचे शब्द जसेच्या तसे, प्रकार, आपण काय केलं. ‘त्यांचे शब्द’ या रकान्यात आपली शुद्ध मराठी घालू नका.

प्रकाराच्या रकान्यात मी तीनच शब्द वापरते: समजत नाही, पटत नाही, जमत नाही. वरवर सगळ्या तक्रारी सारख्या दिसतात, पण या तिघांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

*समजत नाही* म्हणजे आपलं सांगणं चुकलं. रक्तदाबाच्या व्हिडिओत ‘मीठ कमी करा’ असं सांगितलं की लोक आमटीतलं मीठ कमी करतात, आणि पावसाळ्यात रोज ताटात सुका बांगडा, खारवलेली मासळी आणि लोणचं तसंच राहतं. त्यांच्या लेखी मीठ म्हणजे वरून घातलेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते. तो आकडा सांगून काही होत नाही. सुक्या मासळीचं नाव घेऊन, ती धुऊन आणि भिजत घालून, दाखवावं लागतं. असा अभिप्राय आला की व्हिडिओ बदला.

*पटत नाही* म्हणजे कळलंय, पण विश्वास नाही. सर्पदंशाच्या व्हिडिओवर ‘आमच्या आज्याने दोरी बांधून जीव वाचवला’ असं कुणी सांगितलं, तर त्यावर पुन्हा ‘दोरी बांधू नका’ एवढंच ओरडून सांगितल्याने काही होत नाही. कारण द्यावं लागतं: घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा तुटून हातापायाची हानी होते, आणि बरेच दंश मुळात बिनविषारी सापांचे किंवा विष न सोडलेले असतात, त्यामुळे दोरीने वाचल्यासारखं वाटतं. फुरसं हे विषारी जनावर लहान दिसतं म्हणून लोक त्याला गंभीर मानत नाहीत. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि रक्तस्राव काही तासांनीही सुरू होऊ शकतो, हे सांगितलं की कान टवकारतात. आणि कोण सांगतं याला फार वजन आहे. विंचवाच्या बाबतीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घेतलं की रायगड-रत्नागिरीत लोक थांबून ऐकतात, कारण लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी इथल्याच खेड्यांतले रुग्ण तपासून दाखवून दिला. पटत नसेल तर बोलणारा माणूस बदला, किंवा ज्याला उपचार मिळून तो बरा झाला अशा माणसाला, त्याची परवानगी घेऊन, बोलू द्या.

*जमत नाही* हा अभिप्राय सगळ्यांत मोलाचा आणि तो सगळ्यांत उशिरा येतो. लेप्टोसाठी गमबूट वापरा असं सगळीकडे सांगितलं जातं. बायका व्हॉइस नोटमध्ये सांगतात की लावणीच्या चिखलात गमबूट रुततो, पाय काढताना बूट आतच राहतो, आणि दिवसभराच्या मजुरीत कुणी थांबत नाही. हे अज्ञान नव्हे. मग व्हिडिओत जे जमतं त्याला पुढे आणा: भेगा आणि जखमा पाणी न शिरेल अशा पट्टीने झाकणं, शेतातून आल्या आल्या साबणाने पाय धुणं, जोखमीच्या काळात आरोग्य केंद्रातून डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घेणं (गरोदर बाईला आणि लहान मुलांना डॉक्टरांना न विचारता ही गोळी अजिबात नाही), आणि ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर ‘पावसाचा ताप’ म्हणून घरी न थांबणं. सर्पदंशाचंही तसंच. ‘ताबडतोब रुग्णालयात न्या’ या वाक्यावर येणारा प्रश्न एकच असतो: रात्री गाडी कुठची? त्याचं उत्तर व्हिडिओत नसेल तर व्हिडिओ अर्धाच आहे. आता आम्ही प्रत्येक गावासाठी शेवटी वेगळी पाटी लावतो: १०८, गावातल्या गाडीवाल्यांचे नंबर त्यांच्या परवानगीने, आणि प्रतिविष कुठे ठेवलेलं असतं ते त्या आठवड्यात फोन करून विचारलेलं.

जमत नाही अशा काही गोष्टी व्हिडिओने सुटणाऱ्या नसतात. औषध संपलेलं असतं, उपकेंद्र बंद असतं, रस्ता वाहून गेलेला असतो. त्या नाव न घेता, तारखेनिशी, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना किंवा ग्रामसभेत लेखी कळवा. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं शीटमध्ये पडून राहू देऊ नका.

८. अभिप्रायाच्या जागी आजार आला तर

येणारच. ‘माझी साखर २८० आली, काय घेऊ?’ रिपोर्टचा फोटो. कधी रात्री अकराला ‘मुलाला काहीतरी चावलंय’. तुम्ही स्वतः डॉक्टर नसाल तर औषधाचं नाव घेऊ नका, ओळखीच्या डॉक्टरांचं ऐकूनही नाही. ठरलेलं उत्तर आधीच लिहून ठेवा आणि आपोआप जाईल असं लावा: ‘हा नंबर माहितीसाठी आहे, इथे उपचार होत नाहीत. तातडीचं असेल तर १०८. आरोग्याचा सल्ला हवा तर १०४. मन फार जड झालं असेल तर १४४१६ वर कधीही बोला.’ हेच ग्रुपवर पिन करा आणि यूट्यूबच्या वर्णनात लिहून ठेवा. जीव द्यावासा वाटतो असं कुणी लिहिलं तर आपोआप जाणाऱ्या उत्तरावर सोडू नका, स्वतः फोन करा आणि सोबत कोण आहे ते विचारा.

चुकीचे उपाय सांगणाऱ्या प्रतिक्रियाही येतात. लगेच पुसू नका. खाली थोडक्यात, आदराने, बरोबर काय ते लिहा, कारण तीच शंका न लिहिणाऱ्या कितीतरी जणांच्या मनात असते. जीवघेणा सल्ला असेल किंवा औषध विकण्याची जाहिरात असेल तर मात्र काढून टाका.

९. ज्यांच्या हातात फोन नाही

धनगरवाडा, कातकरी वस्ती, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. त्यांच्यापर्यंत पोल पोचत नाही आणि आजार आधी तिथे पोचतो. प्रत्येक फेरीत थोडी उत्तरं अशा घरांतून समोर बसून घ्या. आशाताईंवर हे काम टाकू नका, त्यांच्याकडे आधीच रजिस्टरांचा ढीग आहे. त्या घरी जातील तेव्हा सोबत जाऊ का, असं विचारा आणि लिहायचं काम स्वतः करा.

१०. बदल करा, कळवा, पुसा

दुरुस्त व्हिडिओ टाकताना पहिल्या वीस सेकंदांत सांगा: ‘गमबूट चिखलात रुततो असं तुम्ही सांगितलंत, म्हणून हा भाग बदलला.’ नाव कुणाचं नाही. हे ऐकल्यावर पुढच्या वेळी न मागता व्हॉइस नोट येऊ लागतात. ज्या सूचना घेता आल्या नाहीत त्या का घेतल्या नाहीत तेही एका ओळीत कळवा.

काम झालं की व्हॉइस नोट आणि रिपोर्टचे फोटो फोनमधून, गूगल ड्राइव्हमधून आणि फोनच्या गॅलरीत आपोआप साठलेल्या फोल्डरमधूनही काढा. गॅलरीचं फोल्डर हमखास राहून जातं. शीटमध्ये शब्द, तालुका आणि प्रकार एवढंच ठेवा, कुणाचा नंबर लिहिला असेल तर तोही पुसा. सिमकार्ड मात्र चालू ठेवा आणि रिचार्ज चुकवू नका. पुढच्या पावसात लोक त्याच नंबरवर विचारतील.